नदी उगवते, पाट काढतात



नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. इंग्रजीच्या परीक्षेत मात्र नदीचे मूळ हटकून विचारतात. कृष्णा कोठे उगम पावते, गोदावरी कोठे उगम पावते, हे मुलांना इंग्रजीत लिहावे लागते आणि तेथे 'ओरिजिनेट' हे क्रियापद दारात येऊन उभे राहते. दिसायला साधे, अर्थही एका शब्दात सांगता येणारा. पण आमच्या मुलांचे पाय या शब्दात जसे अडकतात, तसे भल्या कठीण शब्दांतही अडकत नाहीत. आज त्या शब्दाविषयी आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्या आणखी दोघांविषयी बोलायचे आहे. शिक्षकबंधूंना यात नवे असे थोडेच सापडेल. पण मुलाने 'असे का?' म्हणून विचारले तर काय सांगावे, ही माझी अडचण त्यांचीही असेल, असे मला वाटते.

ही अडचण कशी उभी राहिली ते आधी सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गात एक मुलगा होता. घरची शेती पाटाखालची. पाण्याची पाळी असली की पहाटे दारे धरून, हातपाय धुऊन, एस.टी.ने कॉलेजला यायचा. सहामाहीच्या पेपरात त्याने लिहिले होते, 'द कृष्णा इज ओरिजिनेटेड फ्रॉम महाबळेश्वर.' मी त्याखाली तांबडी रेघ ओढली. त्याच पेपरात पुढे एका शब्दाविषयी त्याने लिहिले होते, 'द वर्ड इज डिराइव्हड फ्रॉम लॅटिन.' त्याला मी पूर्ण गुण दिले. तास संपल्यावर पेपर घेऊन तो टेबलापाशी आला.

"सर, दोन्ही वाक्यांचा साचा एकच आहे. मग एक चूक आणि एक बरोबर कसं?"

मी म्हणालो, "अरे, इंग्रजीत तसंच म्हणतात."

"बरं," म्हणून तो गेला. पुढल्या वर्षी त्याने इंग्रजी सोडून दुसरा विषय घेतला. ते माझ्या उत्तरामुळेच असे मी म्हणणार नाही, त्याची कारणे दुसरीही असतील. पण त्याचे ते 'बरं' माझ्या लक्षात राहिले. प्रश्न बिनतोड होता आणि मी एम.ए. असून मला त्याचे उत्तर येत नव्हते.

उत्तर पुढे सापडले ते या शब्दांच्या मुळाशी गेल्यावर. 'ओरिजिनेट'च्या मुळाशी लॅटिन भाषेतील एक धातू आहे, त्याचा अर्थ 'वर येणे, उगवणे'. सूर्य उगवतो ती दिशा म्हणून पूर्वेला 'ओरिएंट' म्हणतात, तोही शब्द याच धातूचा. आपण खेड्यात पूर्वेला 'उगवत' म्हणतो ना, अगदी तीच कल्पना. आणि गंमत अशी की आपला 'उगम' शब्दही मूळ संस्कृत 'उद्गम', म्हणजे वर येणे. डोंगराच्या पोटातून पाणी वर आले की तो उगम. लॅटिन बोलणारे आणि आपण हजारो कोस दूर, पण नदीच्या जन्माकडे दोघांनीही एकाच नजरेने पाहिले आहे. इंग्रज तर नदीच्या बाबतीत 'राइझेस' असेच साधेपणी म्हणतो. 'द भीमा राइझेस ॲट भीमाशंकर.' भूगोलाच्या पुस्तकात हा शब्द आला की मुले बुचकळ्यात पडतात. त्यांना वाटते, नदीला पूर आला असावा!

आता सूर्याचेच घ्या. सूर्य उगवला, असे आपण म्हणतो. 'सूर्य उगवला गेला' असे कोणी म्हणेल काय? शाळेत न गेलेली आजीबाईसुद्धा म्हणणार नाही, ऐकून हसेल. कारण उगवण्याचे काम सूर्य स्वतःच करतो, त्याला कोणी उगवत नाही. उगवणे हे क्रियापद अकर्मक, त्याला कर्मणी प्रयोगाचा झगा बसतच नाही. 'ओरिजिनेट'चेही तसेच. कृष्णा आपली आपण वर येते. म्हणून 'इज ओरिजिनेटेड' म्हणणे म्हणजे 'कृष्णा उगवली गेली' म्हणणे. बरोबर वाक्य 'द कृष्णा ओरिजिनेट्स ॲट महाबळेश्वर.' संपले.

मग मुलगा ते 'इज' आणतो कोठून? ते आपल्या मराठीतूनच येते. भूगोलात त्याने वाचलेले असते, 'कृष्णेचा उगम महाबळेश्वर येथे झाला आहे.' शेवटी 'आहे' दिसले की तो 'इज' घालतो. 'झाला' म्हणजे भूतकाळ, म्हणून क्रियापदाला 'एड' लावतो. त्याच्या परीने त्याने हिशेब चोख केलेला असतो. म्हणून नुसती रेघ ओढण्यापेक्षा त्याला म्हणावे, 'उगम झाला आहे' हे बाजूला ठेव, मनात 'उगवते' असे म्हण आणि मग इंग्रजी लिही. 'उगवते' म्हटले की 'ओरिजिनेट्स' आपोआप येते. नदी आजही उगवते, उद्याही उगवेल, म्हणून साधा वर्तमानकाळ. 'इज ओरिजिनेटिंग' असेही काही मुले लिहितात. त्याचा अर्थ, नदी या क्षणी जन्मते आहे आणि आपण काठावर उभे राहून पाहतो आहोत!

एकदाच घडून गेलेली गोष्ट असली तर मात्र भूतकाळ हवा. याला आपल्या ताटातलीच उदाहरणे देतो. ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा याहून अधिक मराठी जेवण ते कोणते? पण ज्वारीचे पीक मूळचे आफ्रिकेतले, मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज लोक समुद्रमार्गे हिंदुस्थानात आले त्यानंतर ती आपल्याकडे आली, म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्माच्या फार तर शंभर-सव्वाशे वर्षे आधी. ठेच्यात घालायचा भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. तेव्हा 'जवार ओरिजिनेटेड इन आफ्रिका', 'द चिली ओरिजिनेटेड इन द अमेरिकाज'. ही वाक्ये वर्गात फळ्यावर लिहून पाहा. मुले व्याकरण विसरून वाद घालू लागतात, आणि वाद घालताना तीच वाक्ये दहा वेळा म्हणतात. पाठांतराची ही रीत मला फार पसंत आहे.

या क्रियापदामागून कोणते शब्दयोगी अव्यय यावे, याचा घोळ मोठा. मुलांना वाटते, मूळ म्हटले की 'पासून' आणि 'पासून' म्हटले की 'फ्रॉम'. पण आपणच काय बोलतो ते नीट ऐकावे. 'कृष्णा महाबळेश्वरपासून उगम पावते' असे आपण म्हणत नाही, 'महाबळेश्वरला' किंवा 'महाबळेश्वर येथे' म्हणतो. इंग्रजही तेच करतो. नेमके ठिकाण असेल तर 'ॲट', मोठा प्रदेश असेल तर 'इन'. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते, तेथे 'निअर' म्हटले की काम भागते. सह्याद्रीत उगम पावते म्हणायचे असेल तर 'इन द वेस्टर्न घाट्स'. 'फ्रॉम' चूक आहे असे नाही. एखादी वस्तू, बातमी, रोग कोठून निघून येथवर आला, हे सांगताना ते चालते. अफवा बाजारातून उठली, तर 'द रूमर ओरिजिनेटेड फ्रॉम द बाजार' म्हणता येईल. पण ठिकाण सांगताना 'इन' आणि 'ॲट' हेच सरळ.

माणसाची गोष्ट आली की मात्र इंग्रजी आपल्यापासून फारकत घेते. एखादी कल्पना अमक्यापासून निघाली म्हणताना इंग्रज 'विथ' वापरतो. येथे मराठी कान उपयोगी पडत नाही, हे कबूल करून टाकावे. आपल्या परिचयाचे उदाहरण रोजगार हमीचे. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात खडी फोडायला, रस्त्यांवर माती टाकायला लाखो हात लागले, पुढे 1977 साली राज्याने त्याचा कायदाच केला. मागेल त्याला काम, ही मूळ कल्पना वि. स. पागे यांची. हे इंग्रजीत सांगताना 'द आयडिया ओरिजिनेटेड विथ व्ही. एस. पागे' असे म्हणायचे. आणि योजना कोठली? 'द स्कीम ओरिजिनेटेड इन महाराष्ट्रा.' 2005 साली सबंध देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्या कितीतरी आधी. माणूस आला की 'विथ', मुलूख आला की 'इन'.

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी शब्दकोश उघडून म्हणेल, "सर, 'ओरिजिनेट' सकर्मकही दिलेलं आहे." त्याचे म्हणणे खरे आहे. 'सुरू करणे, नवे काढणे' या अर्थी ते सकर्मक होते. कोणी नवी पद्धत काढली, तर 'ही ओरिजिनेटेड द मेथड' म्हणता येते, आणि मग 'द मेथड वॉज ओरिजिनेटेड बाय हिम' हे कर्मणी रूपही चालते. कारण येथे काढणारा माणूस समोर उभा आहे. पण नदी, पीक, चालरीत, भांडण यांना तो नियम लावू नये. भांडण तर नेहमीच आपले आपण उगवते, निदान दोन्ही बाजूंचे म्हणणे तसेच असते.

आता 'डिराइव्ह'कडे येऊ. हा शब्द मला उलगडला तो मामांच्या गावी, पाटावर. उन्हाळ्याच्या सुटीत गेलो होतो. मामा खोरे घेऊन चारीचे दार फोडत होते. मुख्य पाटातून चारीत, चारीतून उसाच्या सरीत पाणी वळत होते. मी बांधावर बसून एक जाडजूड शब्दकोश चाळत होतो. मामांच्या नजरेत मी त्या क्षणी किती निरुपयोगी प्राणी असेन, याची मला कल्पना आहे! त्यात वाचले की 'डिराइव्ह' हा शब्द लॅटिनमधल्या दोन तुकड्यांचा आहे. एकाचा अर्थ 'पासून दूर' आणि दुसऱ्याचा 'ओढा, पाण्याचा प्रवाह'. म्हणजे मूळ अर्थ, वाहत्या पाण्यातून पाट काढून ते दुसरीकडे नेणे. इंग्रजीतही हा शब्द आला तेव्हा असे पाणी वळवण्यासाठी तो वापरीत असत.

मी मामांना म्हणालो, "मामा, तुम्ही आत्ता करताय ना, त्याला इंग्रजीत 'डिराइव्ह' म्हणत."

मामा म्हणाले, "म्हणू देत. तू तेवढं त्या टोकाचं दार बघ, पाणी फुटलंय."

दार बांधता बांधता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. नदी आपली आपण उगवते, पण पाट आपला आपण निघत नाही, तो कोणीतरी काढावा लागतो. खोरे धरणारा हात तेथे असतोच, दिसो वा न दिसो. म्हणून 'पाट काढला गेला' असे म्हणता येते आणि म्हणूनच 'इज डिराइव्हड' बरोबर. आणि मराठीत जसे 'पाट काढणे' आहे तसेच 'पाट निघणे'ही आहे. 'भाटघरच्या धरणाच्या पाण्यावर नीरेचे पाट निघाले', असे आपण म्हणतो. इंग्रजीतही तेच. 'द वर्ड इज डिराइव्हड फ्रॉम लॅटिन', म्हणजे हा शब्द लॅटिनमधून काढलेला आहे. 'द वर्ड डिराइव्ज फ्रॉम लॅटिन', म्हणजे लॅटिनमधून निघतो. दोन्ही शुद्ध. अव्यय मात्र एकच, 'फ्रॉम', कारण पाण्याची दिशा एकच. येथे 'इन' नको, 'बाय' नको, 'आउट ऑफ' तर नकोच.

एवढेच काय, आपला 'काढणे' हा शब्द 'डिराइव्ह'च्या पाठोपाठ बराच लांब चालतो. गणिताचे मास्तर सूत्र काढतात, तेथे इंग्रजीत 'डिराइव्ह'. बियांतून तेल काढतात, तेथेही चालते. जमिनीतून उत्पन्न काढतो, वाचनातून आनंद मिळवतो, तेथे तिसरा साचा येतो. काढणारा आधी, काढलेली वस्तू मग, आणि शेवटी उगम. 'ही डिराइव्ज हिज इन्कम फ्रॉम द लँड.' हा साचा मुलांना अवघड जातो, कारण आपली वाक्यरचना उलटी आहे. आपण जमिनीपासून सुरुवात करतो, इंग्रज माणसापासून. पाण्याची उपमा दिली की जमते. खोरे कोणाच्या हातात, पाणी कोणते, पाट कोठून, या क्रमाने वाक्य रचायचे.

याच साच्यात नावांची कुळकथा सांगता येते. आपला हापूस आंबा घ्या. 'हापूस डिराइव्ज इट्स नेम फ्रॉम अफोन्सो द अल्बुकर्क.' गोवा जिंकून तेथे राज्य करणारा हा पोर्तुगीज सरदार. त्याच्या अफोन्सो या नावाचा इंग्रजीत अल्फान्सो झाला आणि आपल्या तोंडी हापूस. बॅडमिंटनचा खेळ पुण्याच्या छावणीत 1870 च्या सुमारास इंग्रज अधिकारी खेळत, आणि त्याला 'पूना'च म्हणत. पण आज जगभर चालणारे नाव निघाले ते इंग्लंडमधील बॅडमिंटन नावाच्या एका हवेलीवरून. खेळ एकीकडचा, नाव दुसरीकडचे, असे पुष्कळदा होते. साखरेचेही तसेच. 'शुगर' हा शब्द आपल्या 'शर्करा'पासून फारसी, अरबी, फ्रेंच अशी घरे घेत इंग्रजीत पोहोचला, पण ऊस मात्र मूळ न्यू गिनी बेटाकडचा मानतात. म्हणून लिहिताना काळजी घ्यावी. 'शुगर इज डिराइव्हड फ्रॉम शुगरकेन' याचा अर्थ साखर उसापासून काढतात. शब्दाची कथा सांगायची असेल तर 'द वर्ड शुगर' असे म्हटलेच पाहिजे. 'द वर्ड' गाळले की संस्कृतातून पोतीच्या पोती साखर निघू लागते.

देणे एकाच बाजूचे आहे असेही नाही. इंग्रजीतील 'मंगूज' हा शब्द आपल्या मुंगसाचा. 'द वर्ड मंगूज डिराइव्ज फ्रॉम मराठी.' हे वाक्य मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही सरसावून बसतात. त्याचे अनेकवचन 'मंगूजेस' होते बरे, 'गूज'चे 'गीज' झाले तसे 'मंगीज' नव्हे. गोऱ्या बदकाशी आपल्या मुंगसाचे काही नाते नाही.

आणि पाटाच्या पाण्याशी नाते असलेला एक शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रतिस्पर्ध्याला इंग्रजीत 'रायव्हल' म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ एकाच ओढ्याचे पाणी वापरणारा शेजारी. पाळीच्या रात्री वरच्या शेतकऱ्याने दार फोडले म्हणून उठलेली भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा शब्द कोशात पाहण्याची गरज नाही. 'रायव्हल' आणि 'डिराइव्ह' दोघे त्या एकाच ओढ्याचे. पण नदीला म्हणतात तो 'रिव्हर' शब्द मात्र या घरचा नाही, तो काठ या अर्थाच्या दुसऱ्याच लॅटिन शब्दापासून आला आहे. ध्वनी जुळला म्हणून सोयरीक जुळवू नये.

शेवटचा शेजारी 'कम फ्रॉम'. हा सर्वांत साधा, आणि रोजच्या बोलण्यात याच्यावाचून चालत नाही. शब्द लॅटिनमधून आला, मिरची अमेरिकेतून आली, सगळीकडे हा चालतो. पण माणसाच्या बाबतीत त्यात एक खोच आहे, आणि ती मला फार महागात पडली. शिक्षण संपवून मी पहिल्यांदा मुलाखतीला गेलो होतो. रात्रभर प्रवास करून, स्टेशनवरच तोंड धुऊन थेट गेलो. समोर तिघे बसले होते. त्यांतले एकजण म्हणाले, "व्हेअर डू यू कम फ्रॉम?"

मी म्हणालो, "फ्रॉम द स्टेशन, सर."

तिघेही हसले. नोकरी मिळाली नाही. त्याला दुसरी कारणे असतील, पण ते हसणे का झाले हे मला गावी परत येईपर्यंत कळले नाही. त्यांनी मी कोठला, असे विचारले होते. मी कोठून आलो, असे मी ऐकले. मराठीत या दोन प्रश्नांना दोन वेगळे शब्द आहेत, 'कोठला' आणि 'कोठून'. त्यामुळे आपली गल्लत होत नाही. इंग्रजीत शब्द तेच राहतात, फरक फक्त काळात. 'व्हेअर डू यू कम फ्रॉम' यात साधा वर्तमानकाळ, कारण माणूस ज्या गावचा असतो त्या गावचा तो कायमचाच असतो, नदीच्या उगमासारखा. 'व्हेअर हॅव यू कम फ्रॉम' किंवा 'व्हेअर आर यू कमिंग फ्रॉम' म्हटले की प्रवासाची गोष्ट आली, तेथे स्टेशन चालते. आमची मुले ओळख करून देताना 'आय ॲम कमिंग फ्रॉम सातारा' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटते, हा अजून वाटेतच आहे.

शिक्षकबंधूंनी हे एकच वाक्य वर्षाच्या आरंभी प्रत्येक मुलाकडून उभे राहून म्हणवून घ्यावे. पाच मिनिटांचे काम आहे. मला त्या खोलीत एवढेच म्हणायचे होते, 'आय कम फ्रॉम', आणि पुढे माझ्या गावाचे नाव.